कॉलेजची मुले आणि बस्तीचे कागद

डिसेंबर २०२३ ची गोष्ट. शाळा सुटल्यावर मी हजेरीपट पुरा करत बसले होते, तेवढ्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. पहिली पाळी सुटल्यावर थेट आले असावेत. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, बोटांना ऑइल आणि हातात घडी केलेला एक छापील कागद. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे मुक्कामी शिबिर खेड तालुक्यातल्या एका गावात भरणार होते आणि कागद पालकांच्या संमतीचा होता.

"मॅडम, सेवाच करायची तर घरात कमी आहे का? तिची दादी अंथरुणावर आहे. आणि सात रात्री बाहेर... तुमचं ऐकते ती. तुम्हीच तिला समजवा."

ते मला तिची समजूत घालायला सांगायला आले होते. मी त्यांचीच समजूत घातली, हे पुढे त्यांनी मला बरेच दिवस ऐकवले.

आमच्या भागात हा प्रसंग घरोघरी घडतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, मागोमाग टेल्को आली, बजाज आली, भोसरीची एमआयडीसी उभी राहिली आणि मग नाशिक रस्त्याने कारखाने सरकत सरकत चाकणपर्यंत गेले. त्यांच्यामागे माणसे आली. लातूर, बीड, परभणी, सोलापूरहून, उत्तर प्रदेश-बिहारहून. पहिली पिढी वेल्डिंग, प्रेस शॉप, भंगार, फॅब्रिकेशन यांत गेली. त्यांच्या मुली आता कॉलेजात आहेत आणि पुष्कळ घरांत कॉलेजची पायरी चढलेले पहिले माणूस म्हणजे ती मुलगीच. कॉलेज म्हणजे लेक्चर आणि परीक्षा, एवढे आई-वडिलांना माहीत असते. शिबिर, प्रकल्प, श्रमदान हे काय आणि कशासाठी, ते त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मग नाही म्हणण्यावाचून ते काय करणार?

म्हणून आधी ही योजना काय आहे ते सांगते. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे मुलांच्या तोंडी एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तेव्हा ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. आज बहुतेक कॉलेजांत तिचे युनिट असते. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एकदा सात दिवसांच्या शिबिराला जायचे. कॉलेज एखादे गाव किंवा बस्ती दत्तक घेते. सोबत प्राध्यापक असतात, त्यांना कार्यक्रम अधिकारी म्हणतात, आणि मुली असल्या की महिला प्राध्यापिका मुक्कामाला असतात. पुण्या-पिंपरीकडची मुले वारीच्या दिवसांत पालखी मार्गावर कचरा उचलताना, गणेश विसर्जनाच्या वेळी पवना-इंद्रायणीच्या घाटांवर निर्माल्य गोळा करताना तुम्ही पाहिली असतील. ती बहुतेक हीच मुले.

मी त्या भावाला एवढेच म्हटले की मुलीला जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी आपण दोघे गावात जाऊन बघू. काही खटकले तर तिला सोबत घेऊन येऊ. ते तयार झाले, पण अट म्हणून.

गावात मुलींची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. या बापाने सगळ्यात आधी खोलीच्या दाराची कडी आतून लावून पाहिली. मग संडास पाहिले, स्वयंपाक कोण करते ते पाहिले, प्राध्यापिका बाई कुठे झोपतात ते विचारले. त्यांना हसू नका. बापाने हे बघितलेच पाहिजे आणि कॉलेजांनी ते न सांगता दाखवले पाहिजे. जेवण शाकाहारी, त्यामुळे तो प्रश्न मिटला होता. असरच्या वेळी लेकीने वर्गाच्या एका कोपऱ्यात चादर अंथरली तेव्हा बाकीच्या मुली आवाज कमी करून बाहेर गेल्या. कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर या गृहस्थांनी मला विचारले, "परतीची बस किती वाजता?" मी समजून घेतले.

आता खरी गोष्ट. त्या शिबिरात मुले ओढ्यावर वनराई बंधारा घालत होती. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचे आणि ओढ्यात आडवी भिंत रचायची. स्वस्त आणि चांगली गोष्ट आहे. पाऊस संपता संपता वाहते पाणी अडले की विहिरींना उतरते आणि रब्बीला एखादे पाणी जास्त मिळते. मुलांनी तीन दिवस घाम गाळला. बांधावर एक म्हातारे शेतकरी बसून बघत होते. मुलगी त्यांना पाणी द्यायला गेली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, काम नेटकं चाललंय. पण दिवाळीच्या आधी आला असता तर वढ्याला पाणी होतं. आता अडवायचं काय?"

ओढ्यात खरेच पायाचा घोटा बुडेल एवढेही पाणी नव्हते. शिबिराची तारीख कॉलेजच्या परीक्षा बघून ठरली होती. ओढ्याला कोणी विचारलेच नव्हते आणि गावालाही नाही.

परतल्यावर ती माझ्याकडे आली ती हेच वाक्य घेऊन. तिला वाईट वाटले होते. मी मात्र मनातून खूश झाले. सात दिवसांत तिला ते कळले होते जे काही सेवाभावी माणसांना आयुष्यभर कळत नाही. म्हणून मी तिला पुण्याची एक जुनी हकीकत सांगितली, तीच इथे सांगते.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुणे केंद्रातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागात लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने या दोघी काम करत होत्या. कचरा वेचणाऱ्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवायचे, असा त्यांचा कार्यक्रम. पण मुली तर पहाटेच कचराकुंडीवर जात. मग शिकवणाऱ्या त्यांच्याबरोबर फेरीवर गेल्या. तिथे त्यांनी पाहिले की या बायका-मुली घाणीत हात घालून ओल्यातून सुके निवडतात, आणि तेच सुके लोकांनी घरातच वेगळे ठेवले तर श्रम अर्धे होतील, कमाई वाढेल. म्हणून त्यांनी सोसायट्यांशी बोलून वेगळा केलेला कचरा थेट या बायकांना मिळवून दिला. अक्षर शिकवायला निघालेले पाऊल असे पोटाच्या प्रश्नाकडे वळले. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरा वेचकांचा मेळावा भरला. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव त्यात होते आणि ८०० हून अधिक कचरा वेचक आले होते. त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली.

संघटनेने सुरुवातीलाच काय मागितले? ओळखपत्र. पोलीस चोर समजून हटकत, सोसायटीचा वॉचमन हाकलत असे. आपण काम करणारी माणसे आहोत, असे सांगणारा एक कागद त्यांना हवा होता. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पुणे महापालिकेने आणि आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. असे करणाऱ्या देशातल्या पहिल्या महापालिकांत या दोघींचे नाव घेतले जाते. पुढे याच कामातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून तिच्या सभासद बायका दारोदारचा कचरा गोळा करू लागल्या.

विद्यापीठातून निघालेले हे काम इतकी वर्षे टिकले, त्याचे कारण मला दोन गोष्टींत दिसते. शिकवायला गेलेल्यांनी आपला ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवायची तयारी दाखवली. आणि संघटना त्या बायकांचीच झाली, बाहेरून आलेल्यांची राहिली नाही.

हकीकत ऐकून मुलगी गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आधी विचारायचं."

तिने आणि तिच्या कॉलेजच्या पाच-सहा जणांनी खरेच विचारले. त्यांत आपल्या दोन मुली, बाकी मराठा, मातंग, एक बिहारी मुलगा. चिखलीजवळच्या भाड्याच्या खोल्यांच्या एका बस्तीत ही मुले घरोघर गेली. प्रश्न एकच: कोणत्या कामासाठी तुम्हाला खाडा पडतो? मला हा प्रश्न फार आवडला. आमच्या पट्ट्यात गरिबाचा हिशेब खाड्यावर चालतो. कंत्राटी कामगाराला रजा नसते. न गेलेला दिवस म्हणजे न मिळालेला पगार.

मुलांना वाटले होते लोक पाणी म्हणतील, गटार म्हणतील, दवाखाना म्हणतील. तेही म्हणाले. पण जवळपास प्रत्येक दारात एक उत्तर आले: कागद. मुलाच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे. रेशन कार्डातून सुनेचे नाव गळालेले. जन्माचा दाखला आहे, पण त्यावर मुलाचे नावच नाही, नुसते 'पुरुष'. आरटीईतून प्रवेश हवा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि घरमालक करून देत नाही. या प्रत्येकासाठी कार्यालयात फेऱ्या, फेरीमागे खाडा, शिवाय एजंटचे वेगळे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आपल्या मुलांच्या नावांचा हा घोळ निम्मा तरी आम्हा शिक्षकांच्या हातून होतो. मी वीस वर्षे जनरल रजिस्टर लिहिते आहे. उर्दूत एका रीतीने लिहिले जाणारे मुहम्मद मराठीत मोहम्मद, महंमद, मोहंमद, मोहमद असे चार प्रकारे मी स्वतः लिहिले आहे. इंग्रजीत तर विचारूच नका. शेखमध्ये 'ई' घालायचा की 'ए', यावर कोणी थांबतही नाही. मराठी नोंदवहीत तीन रकाने: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. उत्तरेकडून आलेल्या बाईचे नाव नुसते शबनम खातून असते. मग खातून हे आडनाव होते, तिच्या मुलाचे आडनाव अन्सारी, आणि दहा वर्षांनी कोणी तरी साहेब विचारतो की ही मुलाची आई कशावरून? बी, बानो, बेगम, बाई हे तर कधी नावाला चिकटतात, कधी सुटतात. प्रवेशाच्या गर्दीत आम्ही 'चालतंय' म्हणतो. बाप अंगठा देतो किंवा न वाचता सही करतो. ते 'चालतंय' मुलाला जन्मभर चालवते, कार्यालयाकडून कार्यालयाकडे.

या मुलांनी रविवारी सकाळी दहा ते एक असे टेबल मांडले. जागा मिळाली मदरशाच्या खोलीत. जिम्मेदार साहेबांनी आधी विचारले की हिंदू मुले-मुली इथे बसतील तर लोक काय म्हणतील. मग स्वतःच म्हणाले, लोकांचे कागद होतील तर लोक काही म्हणणार नाहीत. तसेच झाले.

टेबलाचे नियम मुलांनी स्वतः ठरवले आणि मला ते अजूनही शहाणपणाचे वाटतात. कोणाचा मूळ कागद ठेवून घ्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. ओटीपी विचारायचा नाही, तो माणूस स्वतःच टाकेल. पैसे घ्यायचे नाहीत, सरकारी शुल्क ज्याचे त्याने भरायचे. आणि एक जाड वही: घराला एक पान, काय हवे आहे, कुठे अडले, पुढची तारीख कोणती. मोबाईलवर का नाही, मी विचारले. बिहारी मुलगा म्हणाला, "मॅडम, वही समोर असली की लोकांना दिसतं आपण काय लिहितोय." कोणी कागद मागायला आले की बस्तीत दारे लागतात आणि गेल्या काही वर्षांत जे ऐकले-पाहिले त्यामुळे ती भीती उगाच नाही. उघड्या वहीने ती भीती थोडी कमी केली.

टेबलावर बसता बसता मुले जे शिकली त्यातले थोडे वाचक भगिनींसाठी इथे देते, कारण हे घरात उपयोगी पडेल. जन्मनोंद झाली पण नाव घातलेले नाही, तर नाव जन्मनोंदीपासून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. पहिल्या बारा महिन्यांत ते विनाशुल्क होते, नंतर थोडे विलंब शुल्क. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात मोठा बदल झाला आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी, विवाह नोंदणी या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जाईल. म्हणजे दवाखान्यात नाव सांगताना जी वेलांटी चुकेल ती तशीच पुढे जाईल. त्यामुळे अकीक्याच्या आधी घरातल्या कोणी लिहिते-वाचते असलेल्याने बाळाचे नाव मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर स्वच्छ लिहून ठेवावे आणि सगळीकडे तोच कागद दाखवावा. आधारवरचे नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून घाईने 'दुरुस्ती' करू नका. आधी कोणता कागद पाया धरायचा ते ठरवा. मूल पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पोचले की आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, हे तर निम्म्या आयांना माहीत नसते. आणि शाळेच्या नोंदीतली चूक मूल शाळेत आहे तोवरच दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर ते काम फार अवघड होते.

रुक्ष वाटते ना? झाडे लावण्याच्या फोटोसारखे हे चमकत नाही. पण त्या वर्षी माझ्या ओळखीच्या तीन मुलांना शाळेत वेळेवर प्रवेश मिळाला तो या रुक्षपणामुळे.

आपल्या दीनमध्ये या गोष्टीला जुनी मिसाल आहे. हजरत मुहम्मद (स.) अजून प्रेषित झाले नव्हते, वय विशीच्या आसपास. यमनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या एका वजनदार माणसाने घेतला आणि पैसे बुडवले. परका माणूस, पाठीशी कबिला नाही. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही कुटुंबे जमली आणि त्यांनी करार केला की मक्केत ज्याच्यावर जुलूम होईल, तो कोणीही असो, त्याचा हक्क मिळेपर्यंत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. यालाच हिल्फुल फुजूल म्हणतात. प्रेषित (स.) त्या बैठकीला हजर होते आणि पुढे इस्लाम आल्यावरही त्यांनी सांगितले की आजही अशा कराराला बोलावले तर मी जाईन. तो करार मुसलमानांचा नव्हता. तिथे मुसलमान कोणी नव्हतेच. म्हणून आपल्या मुली मातंग, मराठा मुलांबरोबर टेबलावर बसल्या तर कपाळाला आठ्या घालणाऱ्यांना मी हाच किस्सा सांगते. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते त्यांची सुटका मदीनेच्या दहा-दहा मुलांना शिकवण्याच्या मोबदल्यात झाली, हेही आपण मुलांना सांगतो. पण आपल्या कॉलेजातल्या मुलाने दहा जणांना काही शिकवावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवत नाही. त्याच्याकडून फक्त पॅकेजची अपेक्षा.

देहूतून तुकाराम महाराजांची पालखी निघते तेव्हा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी तिचा पहिला विसावा असतो, तिथे आरती होते. आमच्या भागातली ही रीत आहे, कोणी नवी काढलेली नाही. जून-जुलैत आपल्या मोहल्ल्यातली मुले त्या रस्त्यावर पाणी वाटतात. ते करावेच. पण वाटप संपल्यावर रस्त्यावर पडलेले ग्लास उचलायला कोण थांबते, तेही पाहावे.

आता कॉलेजांबद्दल. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा आराखडा २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांतही आला. त्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांक आहेत. कागदावर ही चांगली बातमी. पण कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रोजेक्ट मिळतात हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. नाव बदलायचे, बाइंडिंग करायचे, सही घ्यायची. बस्तीत एक दिवस जायचे, चार फोटो, बॅनर दोन्ही हातांनी ताणून धरायचे. लोक आता त्या बॅनरला ओळखतात. "फोटो काढायला आलेत का?" असे एका आजीने मुलांना तोंडावर विचारले. मुलांचाच दोष नाही. ज्या कामाला सहा महिने लागतात ते सहा आठवड्यांत संपवायला सांगितले तर दुसरे काय होणार?

उलट उदाहरणही आहे आणि ते आमच्या इथल्या बांधकामांच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचलेले आहे. १९८८ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयात शिकवणाऱ्या रजनी परांजपे आणि त्यांची विद्यार्थिनी बीना शेठ-लष्करी यांनी कुलाब्याच्या झोपडपट्टीतल्या, शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या दाराशी न्यायची. नावही तेच, डोअर स्टेप स्कूल. पुढे बसमधली शाळा आली, पुण्यात काम आले, बांधकाम मजुरांच्या मुलांचे वर्ग आले. मोशी, रावेत, पुनावळे इथे टॉवर उभे राहतात तेव्हा खाली पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी मुले दर काही महिन्यांनी जागा बदलतात आणि त्यांची शाळा तिथेच तुटते. एका शिक्षिकेने आणि तिच्या विद्यार्थिनीने उचललेले काम तीन दशकांनी अशा मुलांपर्यंत येते. शिक्षिका म्हणून मला त्यातला 'शिक्षिकेने' हा शब्द टोचतो. आम्ही किती जणी आमच्या विद्यार्थिनींबरोबर बाहेर पडतो?

आणि मुलगे? हा आपल्या घरांतला अवघड विषय आहे. आमच्या टेबलावर बहुतेक मुलीच दिसतात. बारावीनंतर मुलगा चाकणच्या कंपनीत रात्रपाळीला लागतो, दिवसा कॉलेजात नाव असते. तो थकलेला असतो, मान्य. पण रविवारी रात्री उशिरापर्यंत हॉटेलसमोर बाइकवर बसायला तोच ताकदवान असतो. महिन्यातला एक रविवार आईने मागून घ्यावा. मुलीला मात्र स्वयंपाक, दादीचे औषधपाणी, अभ्यास, हे सगळे करून टेबलावर यायचे असते. तिच्या वाटणीचे घरकाम त्या दिवशी भावाने केले तर तीही सेवाच आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे, शेड, वर्कशॉप पाडली. ती बातमी सगळ्यांनी वाचली आहे. आमच्या मुलांनी ती वहीत वाचली. वहीतली कितीतरी घरे त्या गोदामांत काम करणाऱ्यांची होती. काम गेले तशी माणसे गेली. कोणी आळंदी रस्त्याला, कोणी चाकणच्या पुढे, कोणी सरळ गावी. पान आहे, अर्ज क्रमांक आहे, पत्त्यावर माणूस नाही. पुढचे दोन महिने मुलांनी नवे अर्ज जवळपास घेतलेच नाहीत. पानावरचे मोबाईल नंबर लावत राहिली, कोणाचा दाखला तयार होऊन पडला आहे ते कळवत राहिली. एकाचे जात प्रमाणपत्र एसटीने जाणाऱ्या नातेवाइकाकडून जालन्याला पाठवले. मुलीने त्या दिवसांत मला विचारले की आपण केलेले सगळे वाया गेले का. मी उत्तर दिले नाही, कारण मला येत नव्हते.

ती आता पदवीधर आहे. भोसरीत एका अकाउंटंटच्या ऑफिसात काम करते आणि दोन आठवड्यांनी एकदा टेबलावर येते. वही तिच्या हातात नाही. ती तिसऱ्या वर्षाला असतानाच पहिल्या वर्षाच्या दोन मुलींना शेजारी बसवून तिने शिकवायला सुरुवात केली होती. मला यातले सर्वांत मोठे काम हेच वाटते. कॉलेजच्या मुलांची कामे बुडतात ती बहुधा मूळ मुले पास होऊन गेल्यावर.

आणि तिचे वडील. ज्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात त्यांनी अकरा वर्षे काढली तो बंद पडला होता आणि तिथला प्रॉव्हिडंट फंड अडकला होता. आधारवर शेख एका स्पेलिंगने, पीएफच्या खात्यात दुसऱ्याने. एका अक्षराचा फरक. क्लेम तीनदा परत आला. नाव दुरुस्त करायला संयुक्त घोषणापत्र लागते, त्यावर मालकाची सही लागते आणि मालकाचा पत्ता नाही. हे त्यांनी मुलीला कधी सांगितलेच नव्हते. एका रविवारी तिला घ्यायला आले, टेबल रिकामे होते, म्हणून समोरच्या खुर्चीवर बसले आणि पहिल्या वर्षाच्या त्या मुलीने सवयीने विचारले, "चाचा, तुमचं काय अडलंय?"

त्यांच्या नावाचे पान वहीत आहे. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, कंपनीचे ओळखपत्र, बँकेचे पासबुक सगळे जोडून अर्ज दिला आहे. शेवटची नोंद: "मालक नसल्यास कोणाची सही चालते, विचारून येणे, सोमवार." सोमवारी त्यांची दुसरी पाळी असते. सकाळी ते स्वतः जाणार आहेत, खाडा न करता.